सुगंधाचं शिफारसपत्र

परब मास्तरांनी पत्राखाली सही केली आणि कागद सुगंधापुढे सरकवला. आचऱ्याहून टपाल तीनला निघायचं. मुंबईला एम.ए.च्या अर्जाची मुदत चार दिवसांवर आली होती, आणि अर्जासोबत जुन्या शिक्षकाची शिफारस हवी होती.

"विषय राज्यशास्त्रच ना?" मास्तरांनी पुन्हा विचारलं.

"हो सर. ग्रामपंचायतीच्या निवडणुकांवर अभ्यास करायचाय. माणसं मत कुणाला देतात, उमेदवाराला की भावकीला? तुम्हीच वर्गात म्हणाला होता, यावर कुणीतरी लिहायला हवं."

मास्तरांना ते आठवत होतं. 'कुणीतरी' म्हणताना मनात कोण होतं, तेही आठवत होतं. असाच अर्ज त्यांनीही एकदा मागवला होता. भरलाही होता. हायस्कुलातली नोकरी सोडायचा धीर मात्र झाला नव्हता.

पडवीच्या पायरीवर सुगंधाचा बाप महादू बसला होता. होडी ओढून तसाच आलेला, पायांना अजून वाळू.

"माका इंग्रजी कळणा नाय, मास्तर," तो म्हणाला. "पण तुमी लिवलात म्हणजे बरांच आसतलां."

मास्तरांनी टाकाचं टोक पुसायला घेतलं.

सुगंधा वाचत होती. हजेरी नियमित. अक्षर सुवाच्य. राहणी स्वच्छ. शिवणकामात तरबेज. सात ओळी, आणि त्यांतली एकही खोटी नव्हती. मास्तरांनी तेवढी काळजी घेतली होती.

तिने कागद परत टेबलावर ठेवला.

"सर, ही मुलगी चांगली आहे," ती म्हणाली. "पण मी हिला ओळखत नाही."

"गो सुगंधा!" महादू दचकून उठला. "मास्तरांशी असां बोलतत?"

मास्तरांना राग यायला हवा होता. आला तो मत्सरच. हे वाक्यसुद्धा तिलाच सुचलं होतं.

त्यांनी नवा कागद घेतला. ही मुलगी तीन वर्षं वर्गात माझ्याशी वाद घालत होती, त्यांनी लिहिलं, आणि निम्म्या वेळा तिचंच बरोबर होतं. क्षणभर थांबून 'निम्म्या' खोडलं आणि वर 'बहुतेक' लिहिलं. मग हात थांबला नाही. दोन पानं भरली. एकेक ओळ जड गेली, आणि एकेक खरी होती. पुन्हा न वाचताच त्यांनी पाकीट बंद केलं.

बापलेक टपालासाठी धावत सुटले. पदराला हात पुसत यशोदा बाहेर आली. वाटेकडे बघत तिने नवऱ्याला विचारलं,

"पोरीक प्रवेश मेळतलो मा?"

"मेळतलो," मास्तर म्हणाले. कुणी गेल्याची खबर सांगावी, तसं म्हणाले.