थेंबानंतरची पाच मिनिटं

“वर बघा,” सून म्हणाली.

सासऱ्यांनी मान वर केली. थेंब डोळ्यात पडला, चरचरला. त्यांनी डोळे गच्च मिटले. “आता पाच मिनिटं उघडायचे नाहीत,” म्हणत ती समोरच्या स्टुलावर बसली. डॉक्टरांनीच तसं बजावलंय, हे तिने पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

सासरे सुतार. काम करताना लाकडाची बारीक कपची उडाली, डोळ्यात गेली आणि मागे बुरशी ठेवून गेली. दर तासाला थेंब पडलाच पाहिजे, नाहीतर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुलगा दिवसभर कामावर. म्हणजे थेंब टाकणार सून, आणि पंचाईत तिथेच होती. मुलाने स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हापासून सासरे तिच्याशी बोलत नसत. चहा हवा असला तर भिंतीला विचारत, “या घरात चहा मिळतो का?” तिला नाव नाही, नातं नाही. तीही त्यांना कसलीच हाक मारत नसे.

पण मिटल्या डोळ्यांनी राग धरून बसायचं म्हणजे भारी अवघड काम. पाच मिनिटं खायला उठतात. एकदा तिनेच विचारलं, चांगलं लाकूड ओळखायचं कसं?  सासरे भिंतीला सांगावं तसं म्हणाले, “वासावरून.” तिथून गाडी जी सुटली ती थांबेना. नव्या संसारात त्यांनी बायकोसाठी एक टेबल केलं होतं. ते लंगडं निघालं. बायकोने पायाखाली कागदाची घडी सारली आणि जन्मभर नवऱ्याच्या कामाचं कौतुक केलं. हे ऐकून सून खळखळून हसली. बायको गेल्यापासून घरात असं कोणी हसलं नव्हतं. सासरे आता घड्याळाच्या ठोक्याची वाट बघू लागले.

आज दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळ्यावर उजेड टाकला आणि मान हलवली. “बुरशी हटायला तयार नाही. जुना थेंब अश्रूंबरोबर वाहून जातो. आता हे घ्या. यात औषध नॅनोकणांत भरलंय, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक. ते बुबुळाला चिकटून बसतात आणि औषध हळूहळू सोडतात. सकाळी एक थेंब, संध्याकाळी एक. डोळा वाचेल असं वाटतंय.” मग सुनेकडे वळून म्हणाल्या, “तुमचीही धावपळ वाचली.”

डोळा वाचणार म्हणून सासऱ्यांना आनंद झालाच. पण दर तासाची ती पाच मिनिटं आता संपणार होती. घरी गेल्यावर पुन्हा तीच भिंत, तोच चहा. त्यांनी घसा खाकरला.

“आणि ती पाच मिनिटं? डोळे मिटून बसायची? ती नव्या औषधालाही लागतील ना?”

“कसली पाच मिनिटं?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मी तर फक्त क्षणभर मिटा म्हटलं होतं.”

सासऱ्यांनी बऱ्या डोळ्याने बाजूला पाहिलं. सून खाली मान घालून पर्सच्या चेनची उगाच उघडझाप करत होती. कान लालबुंद झाले होते.

“नाही डॉक्टर,” सासरे म्हणाले, “तुमच्या लक्षात नसेल. आमची सूनबाई म्हणते म्हणजे लागतातच.”