पक्की कातडी

"काही बोलायची गरज नाही, श्यामराव. नुसतं उभं राहायचं आणि हात दाखवायचे," कारखान्याचे मॅनेजर हेमचंद्र साहेब म्हणाले.

श्यामकांतने आपल्या हातांकडे पाहिलं. तीस वर्षं अंबरनाथच्या या कारखान्याच्या रंगखात्यात त्या हातांनी लाल-पिवळी पूड उपसली होती. पुरळ म्हणून कधी उठलं नाही. निवृत्त माणसाला बदलापूरहून जीप पाठवून आणायचं कारण तेच. नवी पूड आल्यापासून खात्यातली निम्मी माणसं खाजेने हैराण झाली होती. हातमोजे आणि मास्क मिळाल्याशिवाय पुडीला शिवणार नाही, असं म्हणून सगळी सकाळपासून अंगणात बसली होती.

खात्याची एक जुनी रीत होती. नव्या माणसाने पहिल्या दिवशी कोपरापर्यंत हात रंगात बुडवायचा. आठवडाभरात खाज सुटली तर तो 'कच्चा', त्याची रवानगी पॅकिंगला. नाही सुटली तर 'पक्का'. ही रीत कुणी काढली देव जाणे, पण पक्क्यांचा तोरा विचारू नका. श्यामकांत तर पक्क्यांचा राजा. रंगलेल्या बोटांनी डबा खायचा आणि वर कच्च्यांना चिडवायचा. त्याच्या मुलाने, जयदेवने, गेल्या वर्षी हात बुडवला आणि साधा लाल ठिपकाही उठला नाही, तेव्हा त्याने खातंभर पेढे वाटले होते. पोरगा बापावर गेला म्हणून.

घरी उलटा कारभार. त्याच्या बायकोला, मालिनीला, दुनियेचं वावडं. वांगं खाल्लं की ओठ सुजले, उदबत्ती लावली की शिंका. "हिच्या अंगाला भांडायला निमित्त लागत नाही," असं तो चारचौघांत म्हणायचा. मालिनीही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. "माझं अंग भांडतं तरी. तुमचं म्हणजे नंदीबैल. कुणी काही विचारा, मान हलवणार."

यंदा, एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात श्यामकांतच्या लघवीतून रक्त गेलं आणि ही थट्टा संपली. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी आधी नोकरीची चौकशी केली. मग सांगितलं, की रंगातलं विष रक्तात जातं आणि लघवीवाटे बाहेर पडण्याआधी मूत्राशयात मुक्काम करतं. असं वर्षानुवर्षं चालतं.

"पण मला कधी खाजसुद्धा आली नाही हो," श्यामकांत म्हणाला.

"खाज आली नाही म्हणजे विष शिरलं नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मालिनीने विचारलं, "मग मी एवढी खाजवते, म्हणजे मी वाचले का?" बाई हसल्या. तसंही नाही, म्हणाल्या. वावडं म्हणजे अंगातला राखणदार साध्या पाहुण्यावर भुंकतो. तो चोर पकडेलच याची हमी नाही. यांचा राखणदार मात्र चोर घरात असून झोपलाय, त्याला उठवू या. त्यासाठी तान्ह्या बाळांना टोचतात ती क्षयाची लस नळीने श्यामकांतच्या मूत्राशयात सोडायला सुरुवात झाली. प्रत्येक खेपेनंतर ताप चढायचा, हुडहुडी भरायची. मालिनी अंगावर गोधडी घालत म्हणायची, "भांडू दे. जन्मात पहिल्यांदा भांडतंय."

गोष्ट दोघांतच राहिली. जयदेवला मूतखडा आहे असं सांगितलं. खरं कळलं तर पोरगा नोकरी सोडेल आणि अशी कायमची नोकरी पुन्हा मिळायची नाही, हे श्यामकांतचं म्हणणं.

"नोकरी मिळेल हो कुठेतरी. पोरगा कुठून आणायचा?" मालिनी रोज विचारायची. तो रोज कूस बदलायचा. आज जीप दाराशी आली तेव्हाही तो नंदीबैलासारखा मुकाट्याने चढून बसला.

अंगणात साहेबांचा आवाज चढला. "हे बघा आपले श्यामराव! तीस वर्षं याच रंगात होते. अंगावर एक पुरळ नाही. आणि तुम्ही एवढ्यात रडायला लागलात?"

बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा बारकू पुढे बसला होता. सुजून त्याच्या डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. त्याने वर पाहून विचारलं, "काका, तुमाला खरंच कंदी काय झाला नाय?"

थोड्याशा पक्क्यांचा घोळका बाजूला उभा होता. त्यातून जयदेव बाह्या सरसावून हसत म्हणाला, "अरे, बाबांची कातडी आहे ती! माझीपण तीच आहे."

श्यामकांतला संताप आला. साहेबांचा आला, त्या रीतीचा आला, आणि सगळ्यात जास्त आला स्वतःच्या हलत्या मानेचा. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हात नाही दाखवणार, साहेब. मला कॅन्सर झालाय. मूत्राशयाचा. याच रंगाने."

जयदेवचं हसू तोंडावरच राहिलं. साहेबांनी श्यामकांतचा दंड धरला आणि कानाशी येऊन हळूच म्हणाले, "श्यामराव, असं काय करता? ऑफिसात बोलू. मुलाच्या नोकरीचा तरी विचार करा."

"तोच करतोय," म्हणत श्यामकांतने दंड सोडवून घेतला. त्याचा आवाज फाटकाबाहेर ऐकू जाईल एवढा लागला.

"ज्यांना खाज सुटलीय, ते बसा इथेच. मोजे हातात पडल्याशिवाय उठू नका. आणि ज्यांना सुटली नाही, त्यांनी माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला. जयदेव, तू सगळ्यांच्या आधी."