निम्मा फेटा

“कोणाला पटायचं नाय, पण ते क्षेपणास्त्र माझ्या बाजरीत जन्माला आलंय,” असं म्हणत भिमाजी उठला, आणि सायखेड्याच्या ग्रामपंचायतीपुढचा अख्खा मांडव हसायच्या तयारीने सरसावून बसला.

समोरच्या खुर्चीत झुंबर होता, भिमाजीच्या बांधाला बांध लागून असलेला. गावाने त्याला नुकताच फेटा बांधला होता आणि तो फेटा भिमाजीच्या डोळ्यात कुसळासारखा सलत होता. झुंबरची लेक भाग्यश्री हैदराबादेत इंजिनियर. तिच्या कचेरीतल्या मंडळींनी विमानातून विमानावर सोडायचं अस्त्र केलं होतं. शत्रू नजरेलाही पडत नाही, इतक्या लांबून त्याला गाठणारं. चाचणी पार पडली, पेपरात फोटो आला, पोरगी चार दिवस गावी आली, ती आता बापाशेजारी बसली होती. भिमाजीचा राज तिच्याच वर्गातला. बारावीला दोनदा बसून आता टेम्पो चालवायचा. आजच्या खुर्च्याही त्याच्याच टेम्पोतून आल्या होत्या.

तर भिमाजीच्या म्हणण्याप्रमाणे झालं असं, की त्या साहेबलोकांचं घोडं तीन वर्षं अडलेलं. अस्त्र पोचेपर्यंत विमान पुढे निघून जायचं. अखेर भाग्यश्रीने थेट भिमाजीला फोन लावला, काका, गोफण घेऊन या. भिमाजी भाकरी बांधून रेल्वेत बसला. सूटबूटवाल्यांना ओळीने उभं करून सांगितलं, पाखरू असतं तिथे गोफणीतला दगडी गुंडा मारायचा नसतो, जाणार असतं तिथे मारायचा. तेवढ्यात कावळा उडाला. याने गोफण सोडली. कावळा लिंबामागे दडला, तर गुंडा लिंबाला वळसा घालून फांदीवर टेकला आणि कावळा बाहेर येईस्तोवर हलला नाही. मोठ्या साहेबाने ते तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतलं.

मांडव पोट धरून हसला. झुंबरही हसला, एका हाताने फेटा सांभाळत. ते मात्र भिमाजीला झोंबलं. हसू त्याला रोजच मिळायचं, मान कधी नाही.

त्याने आवाज खाली आणला. कावळ्याचं सोडा, म्हणाला, पण ही भाग्यश्री एवढीशी असताना माझ्या बाजरीत उभ्या केलेल्या माळ्यावर पाखरांच्या राखणीला कोण असायचं?

“गोफण मी दिली तिच्या हातात. नेम मी शिकवला. झुंबऱ्या, तो फेटा निम्मा माझा हाय.”

आता कोणी हसलं नाही. म्हातारी माणसं माना डोलवू लागली. सरपंचांनी दुसरा फेटा आणायची खूण केली. झुंबरने लेकीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. भिमाजीने टोपी काढून डोकं पुढे केलं.

“नाना,” मागून राज म्हणाला, “गोफण मला दिली होती. ती माळ्यावर चढली, तर तुम्ही हाकललं तिला. पोरीचा गुंडा बांधाच्या पलीकडं जात नाय म्हणून.”