माहेरच्या नाण्याचा शिक्का

नवरात्राआधी देव उजळायला न्यावेत आणि अंगठी घालून परत यावं, हे थेर ठमाबाईच्या दिराचे, सोपानचे. इंदापूरच्या सोनाराकडून टाक लखलखीत होऊन आले. देव्हाऱ्यात त्यांच्याशेजारी पुजलेलं चांदीचं अर्धं नाणं मात्र सोपाननं अंगठीसाठी आटवून घेतलं होतं.

"वयनी, तुकडाच तर हुता!"

ते ठमाबाईच्या माहेरचं. तिच्या खापरपणज्यानं दूरच्या बेटावरून, उसाच्या मळ्यातून आणलेलं. तिथं सुट्टे पैसे नसायचे, म्हणून चांदीच्या नाण्यावर आधी मुकुटाचा शिक्का मारायचे, मग छिन्नीनं तोडायचे.

दुसऱ्या दिवशी सोपानच्या भाकरीवर मुकुट उमटला. त्याच्या बायकोनं, मोनानं, भाकरी बदलली. नवीवरही तोच. दुधाच्या सायीवरही तोच. बाकीच्यांच्या ताटात काही नाही.

"तव्याचा डाग आसंल," म्हणत सोपान घास घ्यायला वाकला, आणि मोना किंचाळली. त्याच्या मानेवर तांबडालाल, ताजा मुकुट होता.

पडवीत कुणीतरी छिन्नीला धार लावू लागलं. घरातली सगळी माणसं तर ताटावर बसली होती.

सोपाननं ठमाबाईचा पदर धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला.

"भिता कशाला, भावजी? तुकडाच तर करत्यात!"