टाकीचे झाकण

बाबांची जुनी गाडी अंगणात तिसऱ्यांदा बंद पडली होती. भंगारवाला ती ओढून न्यायला साखळी घेऊन उभाच होता. "अगं, पंप बदललास, कार्बोरेटर धुतलास. आता तरी बाबांच्या खटाऱ्याचा नाद सोड," दादा म्हणाला. "दहा मिनिटं मजेत चालते आणि मग गुदमरते. म्हातारपण असं घड्याळ लावून येत नाही, दादा." मी टाकीचे झाकण फिरवले, कोंडलेल्या छातीत शिरावी तशी हवा सूंकन आत धावली. हवेवाचून पेट्रोल पुढे सरकत नाही, आणि झाकणातले हवेचे भोक रंगाने बुजलेले. भंगारवाल्याआधी आलेल्या गिऱ्हाइकाचे डोळे दिपावेत म्हणून दादानेच परवा झाकण रंगवले होते. टाचणीने भोक मोकळे केले, किल्ली फिरवली. वीस मिनिटे झाली, इंजिन थांबेना. "बाबांनी गाडी मला चालवायला दिली होती," मी म्हणाले. " तू कुणाला विचारून विकायला काढलीस?" दादा फाटक ओलांडून चालता झाला.