कैरी पहिली कोणाची?

आईशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

तारापूरला अणुभट्टी बांधत होते तेव्हाची गोष्ट. दातिवऱ्याच्या जमनाची मुलगी मंजुळाच्या मुलाला दिलेली. पण बोंबलाच्या कालवणात कैरी पहिली कोणी घातली, यावरून दोघी विहिणींनी ठरलेलं लग्न मोडायला काढलं. गणिताच्या नरहरी मास्तरांनी त्यांना घरी बोलावून समजावलं, "अहो, कॅलक्युलस न्यूटननेही शोधलं नि लायबनिझनेही. मरेपर्यंत भांडले, हाती काय लागलं?"

"पयलं सुचलं कोनाला?" जमनाने विचारलं.

"न्यूटनला."

"मंग मी न्यूटन!"

"आनि लोकांफुडं पयलं कोनी मांडलं?" मंजुळा कडाडली.

"लायबनिझने," मास्तर पुटपुटले.

"बघ! तू घरात चाटत बसलीस, गावाला मी वाढलं!"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात त्यांची नवी नवरी रखमा चहा घेऊन आली नि म्हणाली, "कैरी तर तुमी दोघींनी माझं बघून घातली."

"कालची पोर आमाला शिकवते?" दोघी एकदम तिच्यावर तुटून पडल्या, नि हातात हात घालून लग्नाच्या तयारीला गेल्या.



बरं, रखमाची, म्हणजे माझी, कैरीची थाप तेवढी खोटी. तेव्हा मला साधा बोंबील साफ करता येत नव्हता.