चहा वाटता वाटता

साहेब, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण तुम्ही घेतलंत आणि कोसळला आमचा माणूस.

वर एसी हॉलमध्ये प्रशिक्षक बाई कोपर ताठ ठेवून रबरी बाहुलीची छाती दाबून दाखवत होत्या. तुम्ही मोबाइल बघत होतात. मी चहा वाटता वाटता बाहुलीकडे बघत होते.

आठवड्याने खाली प्रेस मशीनजवळ लोंढेदादा पडले. सगळ्यांना वाटलं, फिट आली. एकाने नाकाशी चप्पल धरली, दुसऱ्याने मुठीत किल्ल्या कोंबल्या. श्वास तर चालतच नव्हता. मी चप्पल भिरकावली आणि छाती दाबायला लागले.

"काकू, जीव घ्याल त्यांचा," फिटर ओरडला.

"गेलेलाच जीव आणखी काय घेणार? तू गाडी बोलव."

गाडी येईपर्यंत दाबत राहिले. दोन बरगड्या मोडल्या, पण माणूस वाचला. काल दवाखान्यात त्यांनी माझ्याकडे चहाच मागितला.

आज तुमची नोटीस आली: चहावालीने कामगाराला हात का लावला, लेखी खुलासा करा. करीन. आधी तुम्ही सांगा, ती बाहुली खाली आमच्यात कधी आणताय? तारीख सांगा.